पहिलं बोंड लेकीचं

उशुआया, अर्जेंटिना
१८ नोव्हेंबर २०२५

अर्पिताच्या बाबायले,

हो, असंच लिहीन. नाव तं तुमचं मी कधी घेतलं नाही, आन् लेक झाल्यापासून तुमाले हाक माराची म्हणजे 'अर्पिताचे बाबा' एवढीच. ज्या दिवशी तुम्ही घरात तिचं नाव काढाले बंदी केली, त्या दिवशी माही हाकच गेली. सहा वर्षं झाली, तुमाले नुसतं 'आयकलं का' म्हणून राह्यली मी, जसे काही तुम्ही कोणी परके माणूस. आता मी पृथ्वीच्या पार बुडाशी येऊन बसली हावो. इथी तुमची बंदी चालत नाही.

फोन लावला तं तुम्ही कट करता, म्हणून कागद. याचा फोटो काढून मी दिपालीच्या फोनवर पाठवणार हाय. अर्पिताले वाचू देणार नाही, फोटो पाठवाले मी सोताच शिकली. दिपाली मारेगावात झेरॉक्स काढीन आन् तुमच्या ताटाखाली ठेवीन. रागानं फाडला तं ती दुसरी काढीन. तुमच्या पुतण्यानं बायको मोठी खमकी केली हाय, तुमीच तिचं कौतुक करत होते.

पोट्टी बंदरावर घ्यायले आलती. वाळली हाय. केस कापले, तोंड उन्हानं रापलं, आपण वावरात रापतो तसं. मले पाहून पळत आली आन् दोन हात लांब थांबून गेली. जवळ यावं का नाही, हेच तिले समजून नाही राह्यलं. अव माय, माह्या काळजात काय झालं तुमाले कसं सांगू? मंग मीच ओढली तिले. लोकं पाहून राह्यले होते, पाहू दे म्हटलं.

जहाज लहानसं हाय, शंभराक माणसाचं. उद्या निघते. अर्पिता त्याच्यावर लोकाइले पक्षी अन् देवमासे दाखवते, समजावून सांगते. नोकरीवाल्याच्या घरच्या माणसाले एक खाट मिळते, तिच्यावर मी. संघदीप इंजिनात काम करते. हो, त्याचंही नाव लिहिलं. जावई हाय माहा. तुमचा नसला तरी माहा हाय.

तुम्ही म्हटलं होतं, वेचणीच्या दिवसांत घरची बाई वावर सोडून जाते का? जाते. लेक बोलावते तवा जाते. आन् तुम्ही मी निघतांना पाठ करून बसले, तुमचा तो लग्नातला लोकरीचा कोट बॅगेवर फेकला, 'बर्फ हाय म्हणते तिथी, हे ने' म्हटलं. एवढंच बोलले. गाडी वावराच्या धुऱ्यापर्यंत गेली तवरी मी मागं पाहत होती.

वेळेवर जेवजा. तुरीच्या शेंगा आल्या असतील, एकट्यानं उकडून खाऊ नोका, दिपालीले देजा.

इंदू


समुद्रात
२१ नोव्हेंबर

अर्पिताच्या बाबायले,

मेली होती मी. खरंच मेली होती. हा समुद्र नाही, हे काहीतरी भलतंच हाय. खाट इकडून वर जाते, तिकडून खाली येते, कपाटातले कपडे सोताहून बाहेर येऊन राह्यले. माह्या खोलीत एक म्हातारी हाय, मार्गारेट, इंग्लंडची. ती मजेत पुस्तक वाचत बसली. मी बादलीत तोंड घालून.

मंग मले वाटलं, देवाचं काहीच केलं नाही म्हणून असं होऊन राह्यलं. नागपूरहून अगरबत्ती आणलीच होती, माचिस बंदरावरच्या दुकानातून घेतलती. लावली. अन् बाप्पा! छपरातून भोंगा सुरू झाला, सगळे लोकं दाराबाहेर, लाल पट्टे घातलेले पोट्टे धावत आले, कप्तान आला, मार्गारेट पुस्तक घेऊन उभी. आन् मधात मी, अगरबत्ती हातात. अर्पिता आली ते तोंडावर हात ठेवूनच. हसावं का रागवावं तिले समजेना. जहाजावर आग म्हणजे सगळ्यात मोठी भीती, आई, म्हणे. इथी साधा दिवाही चालत नाही. माही माचिस जप्त झाली. तुमच्या बायकोचं नाव आता या जहाजावर सगळ्याइले पाठ हाय.

संध्याकाळी संघदीप आला. दारातच उभा राह्यला, आत ये म्हटल्याशिवाय आला नाही. तुम्ही लग्नाचं आयकून त्याले आपल्या फाटकातून हाकललं होतं ना, ते पोट्टं अजून दारातच उभं राहते. आलं-लिंबाचं पाणी आणलं होतं, अन् एक लहानशी बाटली. त्याच्या आईनं केलेला ठेचा. ती बाई मारेगावात आपल्या बाजाराच्या मागच्याच वस्तीत राहते, आन् मी आजवर तिच्या दारात गेली नाही. भातासंग ठेचा खाल्ला तवा कुठी जीव आला. मीठ जरासं जास्त हाय, बाकी आपल्यासारखाच. तुमाले मुद्दाम सांगून राह्यली, खाल्ला म्हणून.

अर्पितानं तुमचं काही विचारलं नाही. एकच विचारलं, 'यंदा सीतादही कोणी केली?' मी केली म्हटलं. 'आन् पहिलं बोंड?' दर वर्षीसारखंच, तुह्या बापानं खिशात घातलं. 

मार्गारेट म्हणे, सीतादही म्हणजे काय? अर्पिता तिले इंग्रजीत सांगत बसली, मले अर्धंमुर्धं समजलं. कापूस वेचाच्या पहिल्या दिवशी वावरात पऱ्हाटीपाशी, म्हणजे कपाशीच्या झाडापाशी, दगडं मांडतो, हळद-कुंकू वाहतो, दहीभात शिंपतो. आन् आमच्या घरची रीत अशी का पहिलं बोंड लेकीचं. तिनं नखानं सरकी काढाची, वात वळाची अन् दगडापुढं दिवा लावाचा, मंगच बाया वेचाले कमरेले ओट्या बांधतील. सांगता सांगता तिची बोटं हवेत वात वळून राह्यली होती. तिले माहीत नव्हतं. मी पाहत होती.

इंदू


२४ नोव्हेंबर
कुठल्या जागी, ते मले विचारू नोका

अर्पिताच्या बाबायले,

बर्फ आला. पहाटे पडदा सरकवला आन् मी खाटेवरच बसून गेली. दिवाळीनंतर जिनिंगच्या अंगणात कापसाच्या गंज्या लागते ना, तशा गंज्या पाण्यावर तरंगत चालल्या. मी तं मनातल्या मनात भावच लावला. पण हा कापूस निळा पडते, आन् आतून कडाड आवाज करते. अन् रात्र म्हणून इथी नाहीच. जेवून झोपाले जावं तं ऊन.

तुमाले पेंग्विन दाखवाले पाहिजेत. दगडाचं घरटं करते ते पाखरू, आन् शेजाऱ्याचा एकेक दगड हळूच उचलून आपल्याकडं आणते. शेजारी वळला का साळसूद चेहरा करून आभाळाकडं पाहते. मी म्हटलं, हा तं आपला रामलाल! दर साली धुरा चार बोटं सरकवते अन् राम राम करते तो. अर्पिता इतकी हसली का तिच्या हातातला बोलाचा भोंगाच खाली पडला. मंग म्हणे, 'रामलालकाका आहेत अजून? बाबा भांडतात अजून त्यांच्याशी?' बाबा म्हणाली. पहिल्यांदा.

म्हणून मी काल बोलून टाकलं. तिचा नवरा इंजिनात अन् ती अन् मी, दोघीच डेकवर होतो. मार्चनंतर हे दोघं नॉर्वेले चालले. तिथी कायमचं काम भेटलं हाय. मी म्हटलं, जाच्या आधी एकदा घरी चाल. माह्यासंगच चाल, सुट्टी माग ना आता. तर काय म्हणते माहीत हाय? 'बाबा म्हणाले होते, मी बोलावल्याशिवाय या दारात पाय ठेवू नको. त्यांनी बोलावलं तर येईन.'

आता सांगा, यात मी काय करू? तुम्ही म्हणता तिनं माफी मागाची, मंग बोलावीन. ती म्हणते बोलावलं का येईन. माफी कायची मागू, म्हणे, लग्न केलं, चोरी नाही. ती तुमचा शब्द मोडून नाही, पाळून बसली हाय. नाक तुमचं, जिद्द तुमची, फक्त रंग माहा. दोघांच्या मधात माह्या जिवाचं पीठ होऊन राह्यलं. नॉर्वे कुठी हाय हे मी नकाशात पाह्यलं. मले काही पुन्हा कोणी जहाजावर खाट देणार नाही. मी आता किती साल जगीन?

मले माह्या घरात माही पोरगी पाह्यजे. स्वैपाकघरात पाटावर बसलेली पाह्यजे. एवढंच. मोठं काही मागून नाही राह्यली.

दिपालीचा निरोप आला. तुम्ही कागद वाचता का नाही ते तिले माहीत नाही, पण दोन्ही तुमच्या उशीखाली हायेत म्हणे. आन् तुम्ही तिले विचारलं, 'तिनं कोट घातला का?' परवा विचारलं, आज पुन्हा विचारलं. नाही घातला. इथी सगळ्याइले लाल जाकिटं देल्ले, त्यात मी लाल भोपळ्यावाणी दिसते. पण तुम्ही दोनदा विचारलं म्हणून मले कसंसंच झालं. इतक्या वर्षांनी माणसानं थंडीची चौकशी केली! उद्या घालीन. जाकिटाच्या आतून.

इंदू


२६ नोव्हेंबर

अर्पिताच्या बाबायले,

घाईघाईनं लिहून राह्यली. अक्षर वाचता येईन तसं वाचा.

इथी एक नियम हाय. बर्फ सोडून जिथी जमीन उघडी हाय, तिथी उतराच्या आधी सगळ्याइचे कपडे तपासते. बाहेरचं बी, माती, गवताची काडी, काही म्हणजे काही त्या जमिनीवर पडलं नाही पाह्यजे. मोठ्या दिवाणखान्यात सगळे म्हातारे पायमोज्यावर बसते, आन् हे लोकं खिसे उलटे करून, ब्रशनं, चिमट्यानं, धूळ ओढाच्या मशीननं सगळं साफ करते. माह्या लाल जाकिटाची तपासणी पहिल्याच दिवशी झाली होती. कोट बॅगेतून आताच बाहेर निघाला, म्हणून मी पुन्हा रांगेत.

अर्पितानं मले शेवटी घेतलं. आई म्हणून सूट नाही, म्हणे. मीही म्हटलं, देऊही नको. बाहेरचे खिसे झाले, त्यातून तुमची तंबाखूची भुकटी निघाली, ती मशीननं ओढली. मंग तिनं आतल्या चोरखिशात चिमटा घातला. तो खिसा हाय हेच मले माहीत नव्हतं. सांगते, लग्नापासून तो कोट मी वाळत घातला, पण तो खिसा मले माहीत नव्हता.

तिचा हात थांबला.

चिमट्यात कापूस होता. एक अख्खं बोंड, सरकीसकट. आन् त्याच्यावर हळद. कुंकवाचं एक बोट, वाळून काळं पडलेलं.

हळद-कुंकवाचं बोंड म्हणजे सीतादहीचं पहिलं बोंड, हे त्या पोरीले शिकवाची गरज नाही. तिचा साहेब, मोठा उंच गोरा माणूस, बाजूलेच उभा. बी सापडलं म्हणून तोही वाकला. मी भेली. वाटलं, पोरीची नोकरी जाते का काय. म्हणून म्हटलं, 'मीच ठेवलं, चुकून राह्यलं.' घरच्या माणसाचं नाव कायले सांगाचं परक्यासमोर?

साहेब हसला आन् पुढं गेला. अर्पिता तशीच. मंग हळूच म्हणते, 'आई, खोटं बोलताना तू कान खाजवतेस.' मी हात खाली घेतला. 'कोणी ठेवलं?' मी म्हटलं, 'कोट कोणाचा हाय?'

ती खाली बसली. तिथीच, लोकाइच्या बुटांमधी, चिमटा हातात तसाच धरून. लग्नाच्या दिवशी तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं म्हणे, फाटकातून निघाली तवाही नव्हतं. आज मात्र धरण फुटलं. मार्गारेटनं माह्या हातात रुमाल देल्ला, तो मी तिले देल्ला, मंग मलेच लागला. खालून इंजिनातून संघदीप धावत आला, हात तेलानं काळे, आन् त्याले वाटलं कोणी मेलं.

आता समजलं मले, कोट घातला का, कोट घातला का, हे काहून चालू होतं! मी मेली उगाच लाजली. तुमाले माही नाही, खिशाची काळजी होती. सरळ सांगता आलं नसतं? 'हे पोरीले देजो', तीन शब्द. पण नाही. यवतमाळ जिल्ह्यातून पार इथपर्यंत तुम्ही बोंड पाठवलं, आन् ते मलेच ठाऊक नाही. आन् मी वेडी, कोट बॅगेच्या तळाशी दाबून ठेवला होता. मी तो घातलाच नसता तं? तुमी काय करणार होते, सांगा बरं? पुढच्या साली पुन्हा कोट पाठवणार होते?

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुम्ही कोट फेकला. फेकला नव्हता. आज आठवलं मले. नीट घडी करून ठेवला होता, खिशाची बाजू वर करून.

आन् आधीच्या सालांची बोंडं कुठी हायेत? दर सीतादहीले तुम्ही पहिलं बोंड खिशात घालत आले, मले वाटे कुठी टाकत असतील. आल्यावर मले दाखवाची.

इंदू


२८ नोव्हेंबर
परतीच्या वाटेवर

अर्पिताच्या बाबायले,

तुमी दिपालीले काय विचारलं ते तिनं मले जशाच्या तसं कळवलं. परवाचा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आन् म्हणाले, 'सरकी काढली का तिनं?'

तिनं. सहा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या तोंडून.

मी निरोप तसाच अर्पिताले वाचून दाखवला. ती खिडकीशी बसली होती, बाहेर बर्फ मागं मागं चालला होता. जराशानं म्हणते, 'आई, हे बोलावणं हाय का?' आजवर शुद्ध बोलून राह्यली होती माह्याशी, बाहेरच्या लोकाइवाणी. आज 'हाय' म्हणाली. मी म्हटलं, 'बाई, तुह्या बापाचं याच्याहून मोठं बोलावणं या जन्मात येणार नाही. घ्यायचं तं घे.' 

तं आयका. सरकी काढली. साहेबासमोर टेबलावर बसून नखानं एकेक काढली, आन् जहाजाच्या कचरा जाळाच्या बंद भट्टीत जाळून टाकली. तुमाले वाईट वाटन, पहिल्या बोंडाची सरकी जाळली म्हणून. पण ती तुमचीच लेक, नियम म्हणजे नियम. उरलेला कापूस तिनं मांडीवर घेतला, पायजम्यावर तळहातानं वळला. इतक्या वर्षांनी वळली, तरी वात सरळ आली, कुठी गाठ नाही. संघदीप बाजूले बसून पाहत होता. त्यानं विचारलं, 'आता?' आता दिवा लावाचा असते, म्हटलं.

पण इथी लावता येत नाही ना. माही अगरबत्ती आठवते का तुमाले? जहाजावर आग चालत नाही. अर्पितानं वात रुमालात बांधली, तुमच्या कोटाच्या त्याच चोरखिशात ठेवली, आन् म्हणाली, 'घरी लावीन.'

'घरी' म्हणाली ती. आयकलं का? अर्पिताचे बाबा, आयकलं का?

समुद्र पुन्हा हालून राह्यला, पण मले काही होऊन नाही राह्यलं. दोघाइची सुट्टी मंजूर झाली. आम्ही तिघं येऊन राह्यलो. तिघं. त्याले फाटकाबाहेर ठेवाचं असन तं मले आताच कळवा, म्हणजे मीही तिथीच उभी राहीन, आन् तुमची भाकर तुमी थापजा. पण तुमी तसं करणार नाही. ज्या माणसानं हळद लावलेलं बोंड चोरून खिशात घातलं, तो तसं करत नाही.

दगडाजवळची पऱ्हाटी वेचू देऊ नोका. बाकी वावर बायाइनं वेचलं तरी चालन, तेवढी ओळ राहू द्या. दहीभात मी करीन. तुमी बोलू नोका, तुमाले जमत नाही, उगाच भलतंच काही बोलून बसान. फक्त दारात माचिस घेऊन उभे राहजा.

अर्पिताची आई